न उघडलेला फोल्डर

शिरूर,
रविवार, २४ ऑगस्ट २०२५

चि. गौतमीस जयभीम.

गुरुवारी सकाळी मी वंदना अर्धवट सोडून उठलो. पावणेसहाला मेणबत्ती लावली, त्रिसरण म्हणून झालं आणि पंचशील सुरू करायच्या आत एकदम डोक्यात आलं की बिल्ड का थांबतोय. मग मन तिथं राहिलंच नाही. कंपनीच्या बसची वाट न बघता मोटरसायकल काढली आणि साडेसहाला कारेगावला गेटवर हजर. वॉचमन म्हणाला, "काय अंकुशराव, मुक्कामालाच यायचं व्हतं की."

आधी हे सांगतो की फोन न करता पत्र का लिहितोय. सोमवारी तुला सस्पेंडचं पत्र दिलं, त्यात चौकशी संपेपर्यंत कुणा कामगाराशी फोनवर किंवा मेसेजवर बोलू नये असं आहे. तुझा मामा म्हणून मलाही तुझ्याशी बोलू नये असं पत्र मिळालं. कागदाच्या पत्राचं नाव दोन्हीत नाही. तू हसशील, पण मी दोनदा वाचून खात्री केली.

तुझ्या बेंच तीनचा कॉम्प्युटर कधीही बंद पडेल अशी गत होती. शाफ्ट मोजायच्या गेजचा प्रोग्राम जुना, करणारे लोक धंदा बंद करून गेलेले, नव्या कॉम्प्युटरवर तो बसत नाही. म्हणून आमच्या कॉम्प्युटर विभागाच्या जयसिंग साहेबांनी मला त्याची व्हर्च्युअल मशीन करायला सांगितलं होतं. जुन्या कॉम्प्युटरमधलं सगळं जसंच्या तसं एका मोठ्या फाईलमध्ये उतरवायचं, त्या फाईलला इमेज म्हणायचं, आणि ती नव्या कॉम्प्युटरवर चालवायची. अंग नवं, आत्मा जुना. आपण आत्मा मानत नाही, पण समजायला सोपं जातं.

ही इमेज तयार व्हायचं काम, म्हणजे बिल्ड, ऐंशी टक्क्यांवर थांबायचं. पडद्यावर एकच ओळ, डिस्कवर जागा शिल्लक नाही. मी सर्व्हर बघायचो तर चारशे जीबी मोकळी. जुन्या फाईली काढल्या, पुन्हा चालवलं, पुन्हा तेच. तीन दिवस हे चाललं. त्या सकाळी मला काय सुचलं, तर मी नेहमी बिल्ड थांबल्यावर बघायला जातोय. चालू असताना बघत नाहीये. जाऊन चालू केलं आणि खुर्ची ओढून समोर बसलो. तेव्हा दिसलं की प्रोग्राम आपलं कच्चं काम मोठ्या डिस्कवर करतच नाही, एका कोपऱ्यातल्या छोट्या भागात करतो. तो भाग साठ, ऐंशी, शंभर असा भरत गेला. भरला की बिल्ड पडायचा, आणि पडताना आपला पसारा आपणच उचलून न्यायचा. म्हणून मागनं येणाऱ्याला सगळं मोकळं दिसायचं.

कच्च्या कामाची जागा बदलून दिली. तर गाडी एक्क्याण्णवपर्यंत गेली आणि परत थांबली. आता इमेजच्या आतलाच डी ड्राइव्ह अपुरा होता. चाळीस जीबीचा ठरवलेला, सामान शेचाळीसचं. साहेबांना दुपारी बारापर्यंत पाहिजे होतं. मी जुन्या मशीनवर बसून सामान चाळलं. कामाचा नसलेला सात जीबीचा एक फोल्डर दिसला. कुणाचा ते ओळखलं. नाव इथं लिहीत नाही. न उघडता पुसून टाकला. आधीच तुमच्या बेंचवर सगळ्यांची नजर आहे, त्यात आणखी कशाला. अडलेला बिल्ड तिथूनच पुढं चालला, साडेअकराला इमेज पूर्ण झाली. रिपोर्टमध्ये लिहिलं, जागा मोकळी करून काम पूर्ण केले.

तुझ्या आरोपपत्राचं कानावर आलं. जूनच्या ज्या लॉटमधले शाफ्ट गिऱ्हाईकानं परत पाठवले ते तू न मोजता पास केलेस असं म्हणतात. गेजचा प्रोग्राम पंचेचाळीस दिवसांपूर्वीची रीडिंग आपोआप काढून टाकतो, त्यामुळं दाखवायला काही नाही. तू मोजले असणार हे मला माहीत आहे. पण माझ्या माहितीला चौकशीत कोण विचारतो.

करुणाला सांग, भाऊ आहे, काळजी करू नको.

तुझा,
अंकुशमामा


दौंड,
२८ ऑगस्ट

ती. मामांना जयभीम.

पत्र काल मिळालं नाही, गणपतीची सुट्टी होती. आज पोस्टमननं दिलं तर शेजारची झुंबरबाई आईला म्हणते, "आता या काळात टपाल कोण धाडतं? पोरीचं जमलं का कुठं?" आई म्हणाली, "व्हय, माझ्या भावानं स्थळ धाडलंय." दोघी हसत बसल्या. सस्पेंडचं पत्र आल्यापासून आई पहिल्यांदा हसली.

मामा, तुमचं पत्र वाचून माझा जीव भांड्यात पडला. का ते सांगते.

पंचेचाळीस दिवसांनी रीडिंग जातात हे मला पहिल्या वर्षीच कळलं होतं. तेव्हा असंच एका लॉटवरनं मला बोलणी बसली आणि माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. तेव्हापासून दर शनिवारी शिफ्ट सुटायच्या आधी मी आठवड्याची सगळी रीडिंग डी ड्राइव्हवर वेगळी ठेवायचे. प्रत्येक नगाची वेळ, माप, गेजचा फोटो. कुणी सांगितलं नव्हतं, कुणाला सांगितलंही नाही. दोन वर्षांचं आहे. जूनच्या अकरा, बारा, तेरा तारखेचंही आहे. मी एकूण एक शाफ्ट मोजलाय मामा, आणि माझ्यापाशी होते तोवर माप बरोबर होतं. पुढं भट्टीत की पॅकिंगला काय झालं ते मला ठाऊक नाही. आरोपपत्र वाचेपर्यंत कुठल्या लॉटचं आहे तेच मला ठाऊक नव्हतं, म्हणून जाताना काही बोलले नाही.

आता तुम्हीच म्हणता आतलं सगळं जसंच्या तसं इमेजमध्ये उतरवलंय. म्हणजे ते सुखरूप आहे.

फोल्डरचं नाव भीमगीते. मागं चौदा एप्रिलला आम्ही बेंचवर हळू आवाजात गाणी लावली होती, त्याच्यासाठी केला होता. गाणी नंतर काढली, नाव तसंच ठेवलं. त्या नावाचं दुसरं कुणी उघडणार नाही आणि आपलं कुणी पुसणार नाही, असा हिशेब केला.

तेवढं एका पेनड्राइव्हवर घेऊन माया मॅडमना द्या. चौकशीसाठी पुण्याहून त्याच येतात. किंवा आहे एवढं जरी त्यांना दाखवलंत तरी बास. नाहीतर बडतर्फीचा शिक्का बसला तर कारेगावपासून सणसवाडीपर्यंत एकही कंपनी मला दारात उभी करणार नाही. सगळे एकमेकांना फोन करून विचारतात.

आणि आयुषचे पिक्चर पुसलेत ते बरं केलंत. सात जीबी म्हटल्यावर लगेच ओळखलं. दुसऱ्या शिफ्टला माझ्याच बेंचवर असतो, जेवणाच्या सुट्टीत तेच बघत बसायचा. त्याला कळलं तर दोन दिवस जेवायचा नाही.

तुमची,
गौतमी


शिरूर,
१ सप्टेंबर

चि. गौतमीस जयभीम.

पत्र पोचलं. शनिवारी संध्याकाळी मिळालं.

नवा कॉम्प्युटर व्यवस्थित चालला आहे. बेंच तीनवर आता तात्पुरती दुसरी मुलगी बसवली आहे, तिला गेज जमत नाही. जुना कॉम्प्युटर बंद करून स्टोअरच्या मागं भंगारच्या जाळीत ठेवलाय.

तू सांगितलेलं बघतो आहे. इमेज मोठी असते, आत शोधायला वेळ लागतो. शिवाय साहेबांच्या परवानगीशिवाय त्यातलं काही बाहेर काढता येत नाही. तू घाई करू नकोस. मॅडमना अजून काही लिहू नकोस.

आयुषला मी काही बोललो नाही.

इकडं वर्षावासाचं वाचन चालू आहे. विहारात संध्याकाळी वीस-पंचवीस माणसं येतात. सम्राटचं इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष सुरू झालं, पुण्याला हॉस्टेलवर आहे. मामी बरी आहे.

पाऊस दोन दिवस उघडलाय. करुणाचा गुडघा कसा आहे?

अंकुशमामा


दौंड,
४ सप्टेंबर

ती. मामांना जयभीम.

तुमचं पत्र मिळायच्या आधीच मी माया मॅडमना लिहून पाठवलं. रजिस्टर पोस्टानं. बेंच तीनच्या डी ड्राइव्हवर माझ्या स्वतःच्या नकला आहेत, त्या तपासाव्यात, असं. आता पंधरा तारखेला सोमवारी शेवटची सुनावणी आहे. त्यांनी त्या दिवशी नकला समोर ठेवायला सांगितलंय. त्यांच्या पत्राच्या शेवटी एक ओळ आहे, नकला न आढळल्यास कर्मचाऱ्याने चौकशीची दिशाभूल केली असे मानले जाईल. ती ओळ मी आईला वाचून दाखवली नाही.

मी घाबरत नव्हते, कारण ते तुमच्याकडे आहे. पण मामा, तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. त्यात आईच्या गुडघ्याचं आहे, पावसाचं आहे. सापडला, हे कुठंच नाही. नाही सापडला, हेही नाही. गाण्याच्या नावाच्या फोल्डरला शोधायला दोन दिवस लागत नाहीत. नाव टाकलं की येतो. हे तुम्हीच मला शिकवलंय.

मी चौथीत होते तेव्हा न्हावऱ्याच्या घरी तुमच्या हातनं आजीचं चष्म्याचं भिंग फुटलं होतं. तेव्हा तुम्ही अख्खा दिवस आभाळाकडं बघून पावसाचं बोलत होता. आजी संध्याकाळी म्हणाली, "अंक्या, ढगात काय चष्मा गावायचा न्हाई. काय फोडलंस ते सांग."

मी पण तेच विचारते. साहेब अडवतात का तुम्हाला? की दुसरं काही आहे? जे असेल ते लिहा.

गौतमी


शिरूर,
रविवार, ७ सप्टेंबर

गौतमी,

साहेब अडवत नाहीत. तो फोल्डर मी पुसला. सात जीबीचा तोच. आयुषचा नव्हता.

तुझं अठ्ठावीसचं पत्र वाचलं त्या घडीला मला कळलं होतं. तरी एक तारखेला मी तुला तसं पत्र लिहिलं. ते लिहिताना एकही ओळ खोटी नाही अशी मी खात्री करून घेतली होती, सस्पेंडचं पत्र दोनदा वाचून केली होती तशीच. शोधायला वेळ लागतो, साहेबांची परवानगी लागते, आयुषला बोललो नाही. सगळं खरं, आणि सगळं मिळून खोटं.

का पुसला ते सांगतो. दोन वर्षांमागं एप्रिलमध्ये तुम्ही गाणी लावली होती, त्या दिवशी दगडोबा स्टोअरकीपर कँटीनमध्ये सगळ्यांदेखत मला म्हणाला होता, "काय अंकुशराव, तुमच्या भाचीनं बेंचवर मांडव घातला म्हनं. आमाला वर्गनी मागाया न्हाई आली." लोक हसले. मीही हसलो. दगडोबा मनाचा वाईट नाही, तो असाच सगळ्यांना बोलतो. पण माझ्या पोटात ते राहिलं. गुरुवारी पडद्यावर ते नाव दिसलं तेव्हा मला कँटीन दिसलं. इमेज पुण्याच्या ऑफिसात तपासायला जाणार होती. तिथं कुणीतरी तो फोल्डर बघणार आणि म्हणणार, या लोकांचं कंपनीत हेच चालतं. आधीच तू चौकशीत. मला वाटलं मी तुला वाचवतोय.

तू म्हणालीस दुसरं कुणी उघडणार नाही आणि आपलं कुणी पुसणार नाही. झालं असं की आपल्यानंच पुसलं, आणि उघडूनही बघितलं नाही.

आणखी एक आहे. जागा हवी होती तर पुसायची गरजच नव्हती. इमेजच्या आतला डी ड्राइव्ह चाळीसचा साठ करायला एक आकडा बदलावा लागला असता. बिल्ड पुन्हा पहिल्यापासून चालवावा लागला असता, दोन तास गेले असते, साहेबांची बाराची वेळ टळली असती. एवढंच. ते नाव नसतं तर मी आकडाच बदलला असता.

आज पौर्णिमा होती. विहारात सगळे पंचशील म्हणत होते. चौथ्याला, खोटं न बोलण्याच्या शीलाला, माझा आवाज निघाला नाही. शेजारी पार्वतीबाई बसल्या होत्या. म्हणाल्या, "खोकला झालाय का? अडुळसा घ्या." मी मान हलवली. म्हणजे तिथंही.

आता यातून एक वाट आहे, ती ऐक. पुसलेलं लगेच नाहीसं होत नाही. कॉम्प्युटर फक्त आपल्या यादीतनं त्याचं नाव खोडतो. सामान जागेवर पडून असतं, त्याच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. जुना कॉम्प्युटर त्या दिवसापासून बंद आहे, म्हणजे वर काही लिहिलं गेलेलं नाही. बहुतेक सगळं परत निघेल. पण भंगारचा टेम्पो शनिवारी तेराला येणार आहे. जाळीची एक चावी माझ्याकडं असते. मी डिस्क काढून घरी आणू शकतो, फोल्डर परत उठवून इमेजमध्ये ठेवू शकतो. पंधराला मॅडम उघडतील तेव्हा तो तिथं असेल. मी पुसला होता हे कुणालाच कळणार नाही.

हे मी लिहितोय, पण हात पुढं होत नाही. तू काय म्हणतेस?

मामा


दौंड,
१० सप्टेंबर

मामा,

हे पत्र आयुषकडं देते. तो इथं घरी सुट्टीला आला होता, उद्या परत कामावर निघतोय. पाकीट चिकटवलंय, त्याला काही माहीत नाही.

सकाळी तुमचं पत्र आलं. मी पाटावरचं ताट बाजूला सारलं आणि रेल्वे ग्राउंडला दोन चकरा मारून आले. तरी राग जात नाही. तुम्ही उघडून तरी बघायचं होतं. एकदा डबल क्लिक, मामा. आमची गाणी असती तरी काय झालं असतं? मला ओरडले असते. मी ऐकून घेतलं असतं. कँटीनमध्ये लोक हसले ते तुम्हाला एवढं लागलं आणि मला विचारलंही नाहीत. मला नव्हतं लागलं. मी दगडोबाकाकांना त्याच दिवशी म्हटलं होतं, "वर्गणी न्हाई मागत काका, नाचायला या." ते लाजून पळाले.

हे झालं माझं. आता आईचं.

आईला सगळं सांगितलं. तिनं ज्वारीचं सूप पुढ्यात ओढलं. मग म्हणाली, "अंकुशअण्णाचं नाव कुठं घ्यायचं न्हाई." मी म्हटलं, "मग माझं काय?" म्हणाली, "तू सव्वीस वर्षांची हाय. तो पन्नाशीला आलाय. ह्या वयात त्याला कोन ठेवील? सम्राटचं एक वरीस राहिलंय. आन् तो शाळा सोडून हेल्पर म्हणून लागला तवा त्याच्या पगारावर माझं लगीन झालं, ती इसरली न्हाई मी." ती रडत नव्हती मामा. ज्वारी निवडत होती.

म्हणून विचारलंत त्याचं उत्तर. चावी तुमच्याकडं आहे, फोल्डर माझा आहे, त्यात लिहिलेलं एकूण एक माप खरं आहे. खऱ्याला त्याच्या जागी परत ठेवण्यात कसलं आलंय खोटं? शुक्रवारी डिस्क काढा, उठवा, ठेवा. तुम्ही वाचता, मी वाचते. मी तुमच्यावर रागावलेली राहीन, पण ते घरातल्या घरात.

हात पुढं करा. दिवस तीन उरलेत.

गौतमी


शिरूर,
शनिवार, १३ सप्टेंबर, दुपारी चार

चि. गौतमीस जयभीम.

तुझं पत्र आयुषनं गुरुवारी दिलं. म्हणाला, "मामा, पाकीट लय चिकटवलंय, फेविकॉलची बाटली संपवली का?" मी ते शुक्रवारी परत वाचलं आणि तू म्हणालीस ते करायला निघालो. हे तुला सांगितलंच पाहिजे.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत जाळी उघडली. तुझा कॉम्प्युटर एका तुटक्या पंख्याखाली होता. चार स्क्रू. तीन काढले. चौथ्याला थांबलो. देवाधर्माचं काही मनात नव्हतं, साधा कामाचा विचार आला. समजा, मी फोल्डर उठवला आणि इमेजमध्ये ठेवला. पुण्याचा कुणीही जाणता माणूस बघेल तर त्याला दिसणार की हा फोल्डर या इमेजमध्ये सप्टेंबरमध्ये आला. इमेज तयार झाली एकवीस ऑगस्टला. मग मधे कुणी ठेवला? मुलीचा मामा. मग तो म्हणेल ही मापं मामानं घरी बसून लिहिली. तुझी दोन वर्षांची खरी रीडिंग माझ्या हातानं खोटी ठरली असती. ती एकदा मी पुसली, दुसऱ्यांदा बाटवली असती. ती खरी ठरायची तर डिस्क माझ्या हातात यायलाच नको. सगळ्यांसमोर निघाली पाहिजे, दुसऱ्यानं उघडली पाहिजे. आणि पुसलेलं काही तिच्यात आहे हे कुणाला कळण्यासाठी कुणीतरी सांगितलं पाहिजे की पुसलं.

तीन स्क्रू परत लावले आणि जाळीला कुलूप घातलं.

आज सकाळी वंदना केली, पूर्ण केली, आणि बसनं गेलो. अर्ज घरूनच लिहून नेला होता. जयसिंग साहेब शनिवारी नऊला येतात. टेम्पोची वेळ दहाची. त्यांच्या टेबलावर अर्ज ठेवला. त्यांनी वाचला, दार लावून घेतलं, परत वाचला.

म्हणाले, "अंकुशराव, हे काय केलं?"

मी म्हटलं, "जे केलं ते लिवलंय साहेब."

"अहो, पण चौकशी चालू असताना बेंचवरचा रेकॉर्ड पुसला, तेही मुलीच्या मामानं. ह्याचा अर्थ मॅनेजमेंट काय काढेल, कळतंय का?"

"कळतंय."

ते खिडकीपाशी गेले. साहेब तसे बरे आहेत, मला त्यांनी कधी अरे-तुरे केलं नाही. म्हणाले, "एक काम करा. हा अर्ज घरी न्या. दुसरा लिहा. बिल्ड जागेअभावी मधेच पडला, त्यात मशीननं काही फोल्डर गमावले, असा संशय आहे, डिस्क तपासावी. एवढंच. डिस्क मी थांबवतो. पोरगी पण सुटेल, तुम्ही पण सुटाल, आणि मी पण तुमचा रिपोर्ट न वाचता सही केली त्यातून सुटेन. इथल्या वीस वर्षांत तुमच्याविरुद्ध एक कागद नाही. कशाला आता?"

गौतमी, तुझी शपथ, मला ते पटलं. दोन मिनिटं मी तो दुसरा अर्ज मनातल्या मनात लिहून काढला. बिल्ड खरंच जागेअभावी पडला होता. तिथपर्यंत सगळं खरं होतं, आणि तिथूनच मला माझी एक तारखेची चिठ्ठी आठवली. मी म्हटलं, "मशीननं काय बी गमावलं न्हाई साहेब. ते मागं पसारा बी ठेवत नव्हतं. पुसलं ते मी. आन् मशीननं गमावलं म्हटलं की पोरीच्या बाकीच्या रीडिंगवर पन शंका येईल, अर्धं गेलं असंल, अर्धं बिघडलं असंल म्हणून."

त्यांनी अर्ज परत टेबलावर ठेवला. फोन उचलून टेम्पो थांबवायला सांगितलं, मग पुण्याला माया मॅडमना लावला आणि त्यांना अर्ज वाचून दाखवला, शब्द न शब्द. मॅडमनी सांगितलं, डिस्क दोन साक्षीदारांसमोर काढा, अंकुशरावांना हात लावू देऊ नका, पाकिटात घालून सील करा. तपासायला बाहेरचा माणूस येईल. सुनावणी आठ दिवस पुढं गेली आहे. तुला तसं पत्र येईल.

डिस्क वर्कशॉपच्या फिटरनं काढली. मी सहा फूट लांब उभा. साक्षीदार म्हणून दगडोबाला बोलावलं होतं. पंचनामा वाचताना फोल्डरचं नाव आलं तेव्हा तो माझ्याकडं बघायला लागला. सही करून झाल्यावर जवळ आला आणि हळूच म्हणाला, "अंकुशराव, त्या दिवशी मी आपलं गमतीनं बोल्लो व्हतो." मी म्हटलं, "म्हाईत हाय दगडोबा. मी पन हसलोच व्हतो." तो टेम्पोवाल्याकडं गेला आणि विनाकारण त्याच्यावर ओरडला.

फोल्डर पूर्ण निघेल का, मला माहीत नाही. निघायला हवा. माझं काय होईल, तेही माहीत नाही. साहेबांनी मलाही तोंडी सांगितलं, पत्र सोमवारी मिळेल, तोवर कामावर येऊ नका. मामीला सांगितलं. ती म्हणाली, "जेवून घ्या आधी." सम्राटला संध्याकाळी फोन करून सांगेन. करुणाला तूच सांग, आणि म्हणावं, तिच्या लग्नाची फेड तिनं करायची नव्हती. तिनं माझं नाव लपवायला सांगितलं, ते मी ऐकलं नाही. त्याबद्दल ती बोलेल ते ऐकून घेईन. तू रागावलेली राहा म्हणालीस, तेही चालेल.

अर्जाची नक्कल सोबत जोडली आहे. ती वाच, कारण ती तुझ्या कामाची आहे. वर लिहिलंय की बेंच तीनच्या डी ड्राइव्हवरचा भीमगीते नावाचा फोल्डर एकवीस ऑगस्टला मी, स्वतःच्या हातानं, न उघडता पुसला, आणि त्याची मालक गौतमी हिला ते माहीत नव्हतं. खाली माझी सही. सहीच्या शेजारी ऑफिसचा आवक शिक्का आहे, वेळ नऊ चाळीस.

अंकुशमामा